आंबेनळी घाटातले थर: नावं आणि वयं (प्रकल्प नोंदी)

१८ नोव्हेंबर २०२३, पोलादपूर

दिवाळी उरकली, घाटातला ओलावा ओसरला आणि आज एकदाची कामाला सुरुवात झाली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरपर्यंत चढत जायचं, रस्त्याच्या कापात दिसणारा प्रत्येक लाव्हा प्रवाह मोजायचा, त्याचा नमुना घ्यायचा आणि तो कोणत्या शैलसमूहात (एकसारख्या, सलग थरांच्या नाव दिलेल्या गटात) बसतो ते ठरवायचं. पोलादपूर समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आणि महाबळेश्वरचा माथा १,४३८ मीटर. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जाड लाव्ह्याची चळत एका रस्त्यावर उलगडलेली आहे. सावित्रीने ही दरी इतकी खोल कोरली नसती तर हे थर बघायला भोकं पाडावी लागली असती.

२०२१ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत या घाटात ठिकठिकाणी दरडी कोसळल्या होत्या. त्याचे व्रण अजून ताजे आहेत. तेव्हाच्या हालअपेष्टा ऐकल्यावर हे लिहायला जड जातं, पण कातळाचा न कुजलेला चेहरा आज त्या व्रणांमध्येच दिसतो.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी निघताना एकच सांगितलं, “आधी नीट बघ. नाव देण्याची घाई करू नकोस.”

२० नोव्हेंबर

पहिले चार प्रवाह नोंदवले. एक प्रवाह नीट ओळखता आला की पुढचे सोपे जातात, म्हणून पहिल्यालाच दोन तास दिले. तळाशी बोटभर लांबीच्या उभ्या नळ्या. थिजत जाणाऱ्या लाव्ह्यात वायू वर चढताना अडकले, त्या या जागा. आता त्यांत झिओलाइट हे पांढरं खनिज भरलंय. त्यावर घट्ट, काळा, हातोडी मारली की घंटेसारखा वाजणारा गाभा. आणि सगळ्यात वर बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला, सैल, लालसर होत गेलेला माथा. तळ, गाभा, माथा असं तिन्ही सापडलं की एक प्रवाह पुरा झाला.

विहीर खणणारे लोक हेच थर आपापल्या नावांनी ओळखतात. घट्ट गाभा म्हणजे काळा पाषाण, पोकळ्यांचा मऊ भाग म्हणजे मांजऱ्या, कुजलेला म्हणजे मुरूम. मला ही नावं फार आवडतात, कारण ती हाताला लागणाऱ्या गोष्टीची आहेत. पहारीला काय लागेल आणि पाणी कुठे लागेल, हे त्यांतून लगेच कळतं.

२४ नोव्हेंबर

पावसाळी ढग आले, काम बंद. खोलीवर बसून नावांची उजळणी केली, कारण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न हाच येणार.

सह्याद्रीतल्या दख्खनच्या बेसाल्टचे तीन उपगट आणि अकरा शैलसमूह मानले जातात. खालून वर: कळसुबाई उपगटात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर. मग लोणावळा उपगटात खंडाळा आणि बुशे. त्यावर वाई उपगट: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा आणि देसूर. मोजून बघितलं तर बारा होतात. पन्हाळा आणि देसूर ही दक्षिण टोकाची नावं, आणि कुणी देसूरला स्वतंत्र मानतं, कुणी मानत नाही. म्हणून पुस्तकागणिक आकडा बदलतो.

ही विभागणी १९८० च्या दशकात झाली आणि ती रासायनिक आहे. डोळ्यांना आंबेनळीचा दगड आणि महाबळेश्वरचा दगड यांत फरक दिसत नाही. फरक आहे तो बेरियम, स्ट्रॉन्शिअम, टायटॅनियम, झिर्कोनियम यांच्या प्रमाणात. बुशेचा लाव्हा वर येताना कवचातला जुना खडक सगळ्यात जास्त पचवून आला, आंबेनळीचा जवळजवळ निर्मळ आला.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मांडणी वेगळी आहे. तिथे सह्याद्री गटात साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी नावं येतात, आणि प्रवाह जमिनीवर कसे दिसतात यावर ती बेतलेली आहेत. महाबळेश्वर हे नाव दोन्ही मांडण्यांत आहे, पण सीमा एकच नाहीत. नकाशा हातात घेतला की पहिल्यांदा कोपऱ्यातली सूची वाचायची, नाहीतर माणूस एका महाबळेश्वरातून निघून दुसऱ्याच महाबळेश्वरात पोचतो.

काही नावं तर रेल्वेने दिलेली आहेत. प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या मोठमोठ्या स्फटिकांवरून ओळखल्या जाणाऱ्या खुणेच्या थरांपैकी एकाचं नाव ‘टनेल फाइव्ह’, एकाचं ‘मंकी हिल’. भोर घाटातून गाडीने गेलेल्या प्रत्येकाने ती नावं वाचली असतील. या दगडाची मोठी चिरफाड रुळांसाठी झाली, त्याची ही आठवण.

२ डिसेंबर, वाडा कुंभरोशी

आजपासून मुक्काम वर हलवला. टपरीवरच्या मामांनी विचारलं, “काय शोधताय, सोनं का?” लाल थर शोधतोय म्हटल्यावर त्यांनी लगेच हात केला, “गेरूची पट्टी ना? ती इथं सगळीकडं हाय. जिथं गेरू तिथं पाणी.”

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. दोन प्रवाहांच्या मधे काही ठिकाणी जो विटकरी, मातकट थर दिसतो त्याला आम्ही ‘बोल’ म्हणतो. एक लाव्हा थंड झाला, उघडा पडला, त्यावर ऊन-पाऊस झाला, थोडी माती झाली, कधी दूरवरून उडालेली राख पडली. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने ती माती भाजून काढली. हा थर पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला झरे फुटतात. आमच्यासाठी मात्र बोल म्हणजे थांबलेला वेळ. दोन प्रवाहांमधे किती काळ गेला याची खूण असते ती तेवढीच.

५ डिसेंबर

आज सापडलेल्या बोलांपैकी दोन फार सुरेख आहेत. सकाळी पावणेदहाच्या सुमारास एका पिंपळाखाली, हातभर जाडीचा. उंचीमापकावर ६१२ मीटर. संध्याकाळी चारनंतर त्याच सोंडेच्या पलीकडच्या अंगाला, घळीत चढून गेल्यावर दुसरा, त्यावरून पाणी झिरपत होतं. उंची ६३८ मीटर. मधे २६ मीटरचं अंतर, म्हणजे मधे एक अख्खा प्रवाह.

वहीत नावं दिली: ‘पिंपळ थर’ आणि ‘पाझर थर’. आकड्यांपेक्षा अशी नावं लक्षात राहतात. पिंपळाखालून नऊ किलो माती पिशवीत भरली, घळीतून अकरा किलो. खांदे दुखतायत पण मन भरलंय.

१७ डिसेंबर

एकूण २९ प्रवाह आणि ११ बोल. स्तंभालेख, म्हणजे सगळे थर एकावर एक दाखवणारं चित्र, काढायला घेतला. पिंपळ आणि पाझर यांच्या मधला प्रवाह मी कुठे नीट पाहिलाय, हे वहीत सापडेना. त्याचा तळ नोंदलेला नाही, माथाही नाही. फक्त दोन लाल रेघांच्या मधे तो असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

६ जानेवारी २०२४

पुन्हा घाटात. समोरच्या सोंडेवर जाऊन दुर्बिणीने बघत बसलो. सकाळचं तिरपं ऊन कड्यावर पडलं आणि तांबडी रेघ सरळ दिसली. ती पिंपळापासून निघते, सोंडेच्या नाकाला वळसा घालते आणि पलीकडे घळीत पाण्याच्या डागापर्यंत जाते. कुठेही तुटत नाही. थर एकच आहे.

मग २६ मीटर आले कुठून? आमचा उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. फरक साधारण तीन हेक्टोपास्कल. या उंचीवर एका हेक्टोपास्कलला सुमारे नऊ मीटर. तीन नव्वे सत्तावीस. डोंगर जागचा हललेला नव्हता, दिवस कलला होता. सकाळी पायथ्याशी ठाऊक उंचीच्या खांबाशी मापक जुळवला होता, दुपारी पुन्हा जुळवायला हवा होता. जीपीएस दरीत अर्धंच आकाश बघतो, त्याची उंची तर आणखी डळमळीत.

एक चूक आणि तिच्यापोटी एक नसलेला प्रवाह, एक नसलेला बोल आणि एक नसलेला कालखंड तयार झाला होता. छापून गेला असता तर पुढच्या कुणीतरी तो शोधत इथे पायपीट केली असती.

रात्री मॅडमना फोन केला. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “दोन नावं एकाच थराला पडली तर आधीचं राहतं, हा नियम तुला माहीत आहे. कुठलं खोडायचं ते तूच ठरव.” आधीचं नाव पिंपळ. ‘पाझर थर’ वहीत लाल शाईने खोडला, पण पुसला नाही. शेजारी तारीख आणि कारण लिहिलं. प्रवाह २८, बोल १०.

७ आणि ८ जानेवारी

सगळ्या उंच्या पुन्हा घेतल्या, दर दोन तासांनी मापक जुळवत. बाकीचे थर तीन-चार मीटरच्या फरकाने जागेवर आहेत.

२२ जानेवारी, प्रयोगशाळा

दगड दळायचं काम. टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यात पटकन दळतं, पण त्यातून टंगस्टन, कोबाल्ट आणि थोडं नायोबियमही भुकटीत उतरतं. नायोबियमवर तर आमचा डोळा आहे. म्हणून अकीकाच्या भांड्यात दळायचं, एकेका नमुन्याला पाऊण तास. मधे भांडं स्वच्छ क्वार्ट्झ दळून धुवायचं.

१४ फेब्रुवारी

क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, म्हणजे दगडात कोणतं मूलद्रव्य किती ते सांगणाऱ्या चाचणीचे, निकाल आले. पानभर आकडे, आणि ते आलेखावर टाकताना हात थरथरत होता हे खरं. खालच्या नमुन्यांत बेरियम चढं, सिलिका चढी. कवच पचवल्याची खूण. तो पोलादपूर. वर गेलं की हे उतरत जातं आणि ठिपके एका घट्ट पुंजक्यात येतात. तो आंबेनळी. माथ्याकडे स्ट्रॉन्शिअम उडी मारतं. तो महाबळेश्वर. चाळीस वर्षांपूर्वी इतरांनी या घाटात काढलेली रांग माझ्या कागदावर आपसूक उमटली.

पिंपळ थर आंबेनळी शैलसमूहाच्या आत पडतो. त्याच्या वरचा आणि खालचा प्रवाह दोन्ही आंबेनळीचेच. म्हणजे रंगाने इतकी ठळक असलेली ही रेघ रासायनिक सीमा नाही. माझ्या मनात ती सीमा असेल अशी आशा होती. ठळक दिसणं आणि महत्त्वाची सीमा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता आलेखावर दिसतंय.

एक नमुना हट्टी निघाला. १७ क्रमांक, आंबेनळीच्या मधोमध घेतलेला, पण रसायन सगळं महाबळेश्वरचं.

२५ फेब्रुवारी

१७ क्रमांकाच्या जागी गेलो. ट्रकएवढा कातळ, मागे कड्याला टेकलेला, वरून वेली. सोबत हातात धरायचा चुंबकत्वमापक नेला होता. बेसाल्ट थंड होताना त्यातले लोहकण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत गोठतात. या घाटातले बहुतेक प्रवाह उलट्या ध्रुवांच्या काळातले आहेत, चुंबकीय कालखंड २९ उलट. त्या वेळी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, त्यामुळे त्यांची चुंबकीय दिशा आग्नेयेकडे आणि खाली झुकलेली मिळते. महाबळेश्वर शैलसमूहातच वरच्या अंगाला ध्रुव पुन्हा सरळ होतात.

या कातळाची दिशा दोन्हींत बसेना. वाकडीच, आडवी. म्हणजे हा दगड थंड झाला त्या जागी आता नाही. वरून गडगडत आलाय. पाठीमागच्या फटीत हात घातला तर मुरूम आणि पालापाचोळा लागला. १७ क्रमांक रद्द केला. प्रवाह २७.

८ मार्च

महाशिवरात्र. जुन्या महाबळेश्वरला दर्शन घेतलं. पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचं उगमस्थान मानतात. त्यातली सावित्री पश्चिमेला उडी घेते, आणि गेले चार महिने मी तिनेच खणलेल्या दरीत वावरतोय. मनापासून हात जोडले.

१२ मार्च

आता वयाचा भाग. मी स्वतः वय मोजणार नाही, तेवढी साधनं आमच्याकडे नाहीत. पण त्यासाठीचं कच्चं काम करायचं आहे, आणि ते समजून करायचं आहे.

बेसाल्टचं वय थेट काढायचं तर पोटॅशियम ४० वर विसंबावं लागतं. त्याचा अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षं, आणि त्यातला जेमतेम दहावा हिस्सा आर्गॉन ४० होतो, बाकीचा कॅल्शियम. आंबेनळीच्या दगडात मुळात पोटॅशियम फारच कमी. त्यात दगड जरा कुजला की आर्गॉन निसटतो. त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत दख्खनची वयं अक्षरशः कोट्यवधी वर्षांनी इकडेतिकडे यायची. पुढे नमुन्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून टप्प्याटप्प्याने तापवायची आर्गॉन-आर्गॉन पद्धत आली, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी चित्र स्पष्ट झालं: हा सगळा लाव्हा क्रिटेशस या भूवैज्ञानिक कालखंडाच्या अखेरीस, भूगर्भीय हिशेबात झटक्यात, ओतला गेला. या पद्धतीतही एक ठाऊक वयाचा दगड सोबत ठेवावा लागतो. बहुतेक प्रयोगशाळा कोलोरॅडोतल्या फिश कॅन्यन टफ या राखेच्या खडकातलं सॅनिडीन हे खनिज वापरतात, सुमारे २.८२ कोटी वर्षांचा. एका दरीचं वय दुसऱ्या दरीच्या दगडाशी ताडून बघायचं.

दुसरी वाट झिरकॉन या टिकाऊ खनिजाची. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा वाढत नाही. पण लाल बोलांत पडलेल्या राखेत ते सापडू शकतात, आणि झिरकॉनमध्ये युरेनियम शिरतं, शिसं जवळजवळ शिरत नाही. त्यामुळे आत जे शिसं सापडेल ते युरेनियमपासून बनलेलं, हे घड्याळ फार नेमकं चालतं.

२०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’च्या एकाच अंकात या दोन वाटांनी गेलेले दोन शोधनिबंध लागोपाठ छापले गेले. ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी बोलांतल्या झिरकॉनवरून लाव्ह्याचे चार मोठे उमाळे दाखवले, आणि त्यातला पोलादपूरचा उमाळा मेक्सिकोतल्या चिक्शुलूबच्या उल्काघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाला असं मांडलं. कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांनी आर्गॉनवरून जवळजवळ सलग उद्रेक दाखवले, आणि बहुतांश लाव्हा आघातानंतर आला असं म्हटलं. सगळं ६.६ कोटी वर्षांच्या आसपास, दहा लाख वर्षांच्या आत घडलं, हे दोघांनाही मान्य. भांडण आहे ते आतल्या हजारो वर्षांचं.

बातम्यांत याचं ‘डायनासोर कशाने मेले’ एवढंच झालं. मला त्यापेक्षा मोठी वाटते ती ही गोष्ट, की हा वाद सोडवायचा तर पुन्हा याच घाटात येऊन हातभर जाडीच्या लाल मातीत वाळूपेक्षा बारीक कण शोधावे लागतात. पोलादपूरच्या एसटी स्टँडवरच्या पाटीवरचं नाव त्या निबंधांत पानोपानी आहे.

१९ ते २३ मार्च

पिंपळाखालच्या नऊ किलोंचं काम. माती पाण्यात भिजत घातली, चिकण निथळून टाकली, असं वीस-पंचवीस वेळा. बादलीतलं पाणी पहिल्या दिवशी टोमॅटोच्या सारासारखं होतं, पाचव्या दिवशी नितळ. मग उरलेला बारीक रवा चाळून परातीत घेतला आणि आजी तांदूळ रोळते तसा पाण्यात हलकेच हेलकावत रोळला. हलकं वाहून जातं, जड काठाशी काळी चंद्रकोर करून बसतं. त्यातलं मॅग्नेटाइट लोहचुंबकाने उचललं. उरलेलं जड द्रवात सोडलं. बुडेल ते आपलं.

नऊ किलोंतून चिमूटभर. सूक्ष्मदर्शकाखाली तीन तास. ऑलिव्हिनचे गंजलेले तुकडे, इल्मेनाइट, पायरॉक्सीन. झिरकॉन एकही नाही.

२६ मार्च

धुळवडीचा रंग नखांतून गेला नाही, त्यात बोलाचा तांबडा मिसळलाय. घळीतले अकरा किलो भिजत घातले. डिसेंबरातल्या नोंदीप्रमाणे ही पिशवी ‘पाझर थर’ची आहे. आता ती पिंपळाचीच, चारशे मीटर पलीकडची. पावसाने, ओघळाने राख एका जागी धुऊन गेली असेल आणि दुसऱ्या खोलगटात साचून राहिली असेल, तर एकाच थराच्या दोन टोकांत फरक असू शकतो. म्हणून सोडून द्यायचं नाही.

२ एप्रिल

सापडले. सात कण, केसाच्या जाडीएवढे. लांबट प्रिझम, दोन्ही टोकांना पिरॅमिडसारखी टोकं, रंगहीन. दोन गोलसर झिजलेले आहेत, ते दुसऱ्या कुठल्या जुन्या खडकातून वाहून आलेले असणार. त्यांचं वय या थराचं नसेल. पाच टोकदार आहेत. मॅडम उठून आल्या, बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जपून ठेव. शिंकू नकोस.”

जानेवारीत ती रेघ दुर्बिणीतून पाहिली नसती तर हे पाच कण नसलेल्या ‘पाझर थरा’च्या नावावर चढले असते. पुढे त्यांचं जे वय येईल ते २६ मीटर वरच्या थराला चिकटलं असतं, आणि मधल्या नसलेल्या प्रवाहाला लाव्हा साचण्याचा वेग काढताना हिशेबात धरलं असतं.

१७ एप्रिल

कणांची छायाचित्रं आणि मोजमापं पूर्ण. वय मोजायला ते कधी आणि कुठे जातील हे विभाग ठरवेल. माझ्या प्रबंधात ते येणार नाही. घाटातली शेवटची फेरीही झाली. पिंपळाखालच्या बोलाचे अक्षांश-रेखांश, पिंपळाचा आणि घळीचा फोटो, दोन्ही ठिकाणची जुळवलेली उंची, वरच्या-खालच्या प्रवाहांचे नमुना क्रमांक, हे सगळं एका पानावर उतरवलं. दुसरं कुणी आलं तर विचारत न फिरता थेट त्या जागी उभं राहता यावं.

मामांना सांगितलं की तुमच्या गेरूच्या पट्टीत सापडलं एकदाचं. त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

२ मे

तक्ता अंतिम केला. २७ प्रवाह, १० बोल, तीन शैलसमूह. काचेच्या कुपीवरची चिठ्ठी बदलली: ‘पिंपळ थर, घळीची बाजू, आंबेनळी शैलसमूह, झिरकॉन ५ + २’. तक्त्यात या थरासमोर नावाचा रकाना भरलाय. वयाचा रकाना कोरा आहे.